काप्पाडचा दगड आणि एक क्रियापद

कोझिकोडहून कण्णूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने पंधरा-सोळा किलोमीटर गेले, की तिरुवंगूर लागते. तेथे डावीकडे, समुद्राच्या अंगाला वळले, की थोड्याच वेळात काप्पाड येते. रिक्षावाल्याने मला सरळ वाळूच्या काठाशी नेऊन सोडले. समोर समुद्र, एका बाजूस खडकावरचे उरुपुण्यकावूचे देऊळ, आणि मध्ये ती पसरट, स्वच्छ पुळण. वास्को द गामाचे स्मारक कोठे आहे, असे विचारल्यावर त्याने मागे, आलेल्या वाटेकडे बोट केले. म्हणजे आम्ही त्याच्यावरूनच आलो होतो. रिक्षावाल्याने ते पाहिले नव्हते असे नव्हे. थांबण्यासारखे तेथे काही आहे, असे त्याला वाटले नव्हते, एवढेच.

परत फिरून पाहिले. रस्त्याच्या कडेला एक आखूडसा खांब आणि त्यावर पाटी. पाटीवर इंग्रजीत एकच वाक्य. वास्को द गामा येथे, काप्पकडवू येथे, १४९८ साली उतरला. ना विशेषण, ना आभार, ना निषेध. तारीखसुद्धा नाही, नुसते साल. शाळेत आपण सर्वांनी पाठ केलेले वाक्य कोणी तरी दगडावर उतरवून ठेवावे, तसे ते दिसत होते. मी स्वतः पुष्कळ वर्षे मुलांना हेच वाक्य शिकवले आहे. "वास्को द गामा हिंदुस्थानात कोठे व केव्हा उतरला?" या प्रश्नाला दोन गुण असत, एक स्थळाचा, एक सालाचा. स्थळ चुकले, की मी लाल पेन्सिलीने फुली मारीत असे. त्या फुल्यांची आठवण या खांबापुढे उभे असताना पुढे मला बरीच अस्वस्थ करणार होती. पण त्या क्षणी मी ते वाक्य निमूटपणे वहीत उतरवून घेतले आणि निघालो.

कविता-कादंबऱ्यांवर लिहिणाऱ्याने रस्त्याकडेच्या दगडाच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर साधे आहे. शिलालेख हा गद्याचा सर्वांत आखूड प्रकार होय. कथेत एखादा शब्द सैल पडला तर पुढची दहा पाने त्याला सावरून घेतात. कवितेत लय सावरते. शिलालेखाला सावरणारे कोणी नसते. जे आहे ते पाच-सात शब्दांत. त्यामुळे त्यातला प्रत्येक शब्द तोलून पाहण्याचा वाचकाला हक्क आहे. किंबहुना दगडासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला तेवढेच करता येते. आणि या वाक्यातले दोन शब्द तोलून पाहिले असता हलके भरतात. एक 'येथे' आणि दुसरा 'उतरला'.

या घटनेचा प्रत्यक्षदर्शी लेख उपलब्ध आहे. गामाच्या पहिल्या सफरीवर असलेल्या कोणा एकाने ठेवलेली ही रोजनिशी. लेखकाचे नाव हस्तलिखितावर नाही. बहुतेक अभ्यासक ती आल्वारो व्हेल्यो या इसमाची मानतात. तिची जुनी नक्कल पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराच्या नगर-ग्रंथालयात आहे. ती प्रथम छापली गेली १८३८ साली. रेव्हनस्टाइनने केलेले इंग्रजी भाषांतर आले १८९८ साली, म्हणजे सफरीच्या चौथ्या शताब्दीला. लेखक विद्वान नव्हे. त्याला देवळे कळत नाहीत, भाषा कळत नाही, जात कळत नाही. पण काय खाल्ले, कोण हसले, नाव कशी बांधली होती, हे त्याला नेमके दिसते आणि जे दिसते ते तो लिहितो. ललित गद्याच्या पुष्कळ गुणांपैकी हा एक गुण असा आहे, की तो असला म्हणजे बाकीचे नसले तरी चालते.

आता ही रोजनिशी काय सांगते पाहा. मालिंदीहून २४ एप्रिल १४९८ रोजी निघालेली जहाजे तेवीस दिवसांत अरबी समुद्र ओलांडून मलबारच्या डोंगरांपाशी आली. २० मे रोजी ती कालिकतपासून दोन लीगांवर नांगरली. का? तर वाटाड्याची चूक झाली. त्याने काप्पाड हेच कालिकत समजले. मालिंदीच्या राजाने दिलेला हा वाटाड्या एवढा अथांग समुद्र बिनचूक पार करून आला आणि शेवटच्या दोन लीगांत चुकला! काप्पाडचे नाव जगाच्या इतिहासात गेले ते या चुकीमुळे. त्या दिवशी गामा किनाऱ्यावर उतरलाच नाही. जहाजे किनाऱ्यापासून बरीच दूर होती. चार नावा माणसे घेऊन चौकशीला आल्या, एवढेच.

दुसऱ्या दिवशी नावा पुन्हा आल्या, तेव्हा गामाने एका माणसाला त्यांच्याबरोबर किनाऱ्यावर धाडले. हा माणूस कोण? तर एक सजा झालेला कैदी. अनोळखी किनाऱ्यावर आधी पाऊल टाकण्यासाठीच पोर्तुगीज जहाजांवर असे कैदी नेत. मेला तर मेला. त्या कैद्याला कालिकतमध्ये दोन ट्युनिसचे मुसलमान भेटले. त्यांना स्पॅनिश आणि जेनोव्हाची भाषा येत होती, आणि त्यांनी त्याचे स्वागत सैतानाच्या नावाने केले. मग त्यांनीच त्याला घरी नेऊन पाव आणि मध खाऊ घातला. म्हणजे 'उतरला' हे क्रियापद कोणाला लावायचेच असेल, तर ते त्या कैद्याला लावावे लागेल. त्याच्यासाठी मात्र कोणी दगड उभारलेला नाही.

पुढे जहाजे कालिकतसमोर आली. तेथला तळ खडकाळ होता. सामुतिरीने, ज्याला आपण आणि पोर्तुगीज दोघेही झामोरिन म्हणतो त्याने, आपला वाटाड्या पाठवून त्यांना उत्तरेकडे पंतलायनी कोल्लम या बंदरात नेण्याची व्यवस्था केली. मे महिन्याचा शेवट होता. आपल्या कोकणातल्या नाखव्यांना हे समजावून सांगायला नको. त्या दिवसांत आपल्याकडे होड्या वर ओढून झापांनी शाकारायला घेतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला हात लावीत नाहीत. परक्या पाहुण्याची जहाजे पावसाळ्याच्या तोंडाशी खडकावर फुटू नयेत, म्हणून ती चांगल्या आसऱ्याला नेणे हे यजमानाचे शहाणपण होते. गामाला त्याचाही संशय आलाच. वाटाड्या म्हणत होता तितक्या किनाऱ्याजवळ त्याने जहाज नेले नाही.

आणि मग २८ मेचा सोमवार. गामा तेरा माणसे बरोबर घेऊन किनाऱ्यावर उतरला. रोजनिशीचा लेखक त्या तेरांतला एक. उतरला तो पंतलायनीकडे. तेथे सामुतिरीचा अधिकारी पुष्कळ लोकांनिशी सामोरा आला, गामाला पालखीत बसवले आणि मंडळी कालिकतच्या वाटेला लागली. त्या वाटेवर काप्पाड आले. येथे एका मोठ्या माणसाच्या घरी पालखी उतरवली. सर्वांना भात, त्यावर भरपूर तूप, आणि उकडलेले मासे वाढले. मासे उत्तम होते, अशी नोंद लेखकाने आवर्जून केली आहे. कप्तानाने मात्र जेवायला नकार दिला. इतरांचे जेवण उरकल्यावर मंडळी जवळच्याच नदीत, एकमेकींना बांधलेल्या दोन नावांत बसून पुढे गेली.

म्हणजे काप्पाडला नेमके काय घडले? गामा तेथे समुद्रातून उतरला नाही. तो तेथे रस्त्याने आला, जेवला नाही, आणि नावेत चढला. 'कडवू' या मल्याळम शब्दाचा अर्थ उताराची, नावेत चढण्या-उतरण्याची जागा. आपल्याकडे कोकणात ज्याला 'तर' म्हणतात ती. त्या दगडावरच्या वाक्यात सर्वांत खरा शब्द कोणता असेल, तर तो हा गावाच्या नावातला. बाकीचे वाक्य उलटे आहे. आणि रिक्षावाल्याने ज्याला फारसे मोजले नाही ते स्मारक रस्त्याच्या कडेला आहे, हेही योग्यच. काप्पाडशी गामाचा संबंध आला तो रस्त्यावरचा प्रवासी म्हणूनच.

हे माझे संशोधन नव्हे. केरळचे इतिहासकार एम. जी. एस. नारायणन यांनी गामा काप्पाडला नव्हे, पंतलायनीला उतरला, हे अनेकदा सांगितले. २०२५ साली ते निवर्तले. खांबावरचे वाक्य त्यांच्यामागे तसेच राहिले. त्यांच्याही फार आधी या किनाऱ्यावरच्या एका माणसाने हेच लिहून ठेवले होते. पोन्नानीचे शेख झैनुद्दीन मख्दूम यांनी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'तुहफत-उल-मुजाहिदीन' हा अरबी ग्रंथ रचला आणि तो विजापूरच्या अली आदिलशहाला अर्पण केला. तीन जहाजे पंतलायनीला आली, तेथून ते लोक जमिनीवरून कालिकतला गेले, काही महिने राहून माहिती काढली आणि परत गेले, असे झैनुद्दीन सांगतो. आले कशाला, तर मिरीसाठी. शत्रूच्या बाजूचा प्रत्यक्षदर्शी आणि इकडचा इतिहासकार, दोघे एकमेकांना न वाचता एकच गोष्ट सांगतात. दगड तेवढा वेगळे सांगतो. आणि माझी लाल पेन्सिल दगडाच्याही पलीकडे होती. एखाद्या मुलाने 'पंतलायनी' लिहिले असते, तर मी त्याला शून्य दिले असते.

आता यावर कोणी म्हणेल, पाचसात मैलांचा फरक, त्याचे एवढे काय? वादाला हा मुद्दा ठीक आहे. पण मला त्या फरकात एका सबंध दृष्टीचा फरक दिसतो. 'उतरला' म्हटले, की डोळ्यांसमोर चित्र उभे राहते ते एका पुरुषाचे, जो पाण्यातून वर येतो, वाळूत पाय रोवतो आणि ज्याच्या पायाखाली एक देश 'सापडतो'. चित्रकारांनी हे चित्र शेकडो वेळा काढले आहे. रोजनिशीतला गामा असा नाही. त्याला यजमानाच्या बंदरात, यजमानाच्या वाटाड्याने नेले. यजमानाच्या पालखीतून, यजमानाच्या नावेतून तो गेला. त्याने धीटपणे केलेली स्वतंत्र गोष्ट एकच, ती म्हणजे जेवायला नाही म्हणणे. मराठीत 'उतरणे' या क्रियापदाला एक दुसरा अर्थ आहे. कोणी परगावी गेला, की "कोठे उतरलात?" असे आपण विचारतो, म्हणजे कोणाच्या घरी, कोणाच्या आश्रयाने. गामाच्या बाबतीत विचारायचा प्रश्न हा होता. दगडाने उत्तर दिले ते दुसऱ्याच प्रश्नाचे.

रोजनिशीकार हा प्रश्न विसरत नाही, म्हणून त्याचे गद्य टिकले. सामुतिरीला द्यायच्या भेटींची यादी तो देतो: पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे बारा तुकडे, चार तांबड्या टोप्या, सहा हॅटी, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुण्याची सहा तस्ते, साखरेची एक पेटी, तेलाची दोन पिंपे आणि मधाची दोन. सामुतिरीचे अधिकारी हे पाहून हसले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही याहून जास्त देतो, असे त्यांनी सुनावले. हे हसणे लिहून ठेवणारा माणूस आपल्या राजाचा नोकर होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्याने ते झाकले नाही. तसेच वाटेतल्या देवळाचे. आत एक देवी होती. पाहुण्यांनी तिला मेरी समजून गुडघे टेकले. भिंतीवर चार-पाच हातांचे, दात बाहेर आलेले 'संत' रंगवलेले होते. लेखकाला ते थोडे चमत्कारिक वाटले, पण संतच वाटले. कालिकतचे लोक ख्रिस्ती आहेत, हा समज घेऊनच ही मंडळी घरी परतली.

आता याच प्रसंगाकडे एक महाकवी कसा पाहतो, ते पाहू. लुईश द कामोंइश १५५३ साली गोव्यात आला, या समुद्रांवर वर्षानुवर्षे भटकला, आणि त्याचे 'लुझियाद' हे दहा सर्गांचे महाकाव्य १५७२ साली लिस्बनला छापले गेले. त्याचा नायक गामाच. सातव्या सर्गात गामा किनाऱ्यावर येतो. अधिकारी सामोरा येतो, पालखी येते, नायर येतात, देऊळ येते. पण काप्पाडचे ते घर येत नाही, तो भात येत नाही, ते मासे येत नाहीत. महाकाव्याच्या नायकाला जेवण नाकारता येत नाही असे नाही. पण ते जेवण एखाद्या देवतेने वाढलेले असावे लागते. देवळाची गोष्ट तर अधिक शिकण्यासारखी आहे. कामोंइश गोव्यात राहिलेला. हिंदूंचे देऊळ म्हणजे चर्च नव्हे, हे त्याला चांगलेच ठाऊक होते. म्हणून त्याने ती चूक दुरुस्त केली. त्याच्या काव्यात गामाची माणसे मूर्ती पाहून दचकतात, आणि कवी त्या मूर्तींना ग्रीक-रोमन पुराणांतल्या विक्राळ रूपांच्या उपमा देतो. माहिती सुधारली आणि सत्य गेले. कारण सत्य हे होते, की ज्यांच्या शोधात आपण आलो तेच आपल्याला भेटले, असे त्या थकलेल्या माणसांना वाटले आणि त्यांनी परक्या देवीपुढे मनापासून गुडघे टेकले. महाकाव्यातल्या कित्येक पानांपेक्षा हा एक गैरसमज मला अधिक काव्यमय वाटतो.

असे असूनही कामोंइश मोठा आहे, आणि तो का मोठा आहे हे सांगायलाही मला दगडाचाच उपयोग होतो. चौथ्या सर्गात जहाजे लिस्बनहून निघताना धक्क्यावरच्या गर्दीतून एक म्हातारा पुढे येतो आणि या सगळ्या उद्योगाला शाप देतो. कीर्तीचा हव्यास, घरच्या शेताची उपेक्षा, दूरच्या शत्रूसाठी जवळच्याला विसरणे, असे सगळे तो बोलून घेतो. जहाजे निघून जातात. म्हाताऱ्याला कोणी उत्तर देत नाही. राष्ट्राच्या गौरवासाठी लिहिलेल्या काव्यात कवीने आपल्याच नायकाचा विरोधक उभा केला आणि त्याचे तोंड बंद केले नाही. स्मारकाला हे कधी जमत नाही. दगडाला एकच आवाज असतो. म्हणून स्मारक आणि काव्य यांत मी निवड करायची झाली, तर काव्य चुकले तरी मी त्याच्या बाजूला राहीन.

गामा स्वतः मात्र दगडांवर विश्वास ठेवणारा होता. राजाने दिलेले कोरीव दगडी स्तंभ त्याच्या जहाजांत भरलेले होते. जेथे पोचू तेथे ते उभारायचे, असा हुकूम होता. त्यांतला एक आपल्या किनाऱ्याजवळ, मालपेसमोरच्या बेटांवर उभारला गेला; त्या बेटांना आजही सेंट मेरी हे नाव आहे. या स्तंभांपैकी एकाची पहिली समीक्षा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला झाली. डिसेंबर १४९७ मध्ये साओ ब्राश या उपसागरावर, म्हणजे आजच्या मॉसेल बेमध्ये, त्यांनी एक स्तंभ आणि एक क्रूस उभारला. दुसऱ्या दिवशी जहाजे निघत असतानाच तेथल्या दहा-बारा माणसांनी ते दोन्ही पाडून टाकले. जहाजांवरून हे सर्वांना दिसत होते. रोजनिशीकाराने हेही लिहून ठेवले आहे, शेरा न मारता.

पुढे शंभर वर्षांनी गामाचा पणतू फ्रांसिस्को द गामा गोव्याचा व्हाइसरॉय झाला आणि त्याने पणजोबाच्या नावाने जुन्या गोव्यात मांडवीकाठी कमान उभारली. गामाचा पुतळा तिच्यावर बसवला. फ्रांसिस्कोच्या पोर्तुगीज विरोधकांनी तो पुतळा फोडला. म्हणजे हे काम नेहमी एतद्देशीयांनाच करावे लागते असे नाही. ती कमान पडली, आणि १९५४ साली पुन्हा बांधली गेली. आज तिच्या नदीकडच्या अंगाला गामा आहे, आणि शहराकडच्या अंगाला तलवार घेतलेली एक स्त्री आहे, जिच्या पायाखाली एक पागोटेवाला आडवा पडलेला आहे. या कमानीपुढे काप्पाडचा खांब ठेवून पाहावा. कमान काय बोलते ते पुतळ्याच्या पायाखाली पाहिले की कळते. काप्पाडचा खांब त्या मानाने सभ्य आहे. तो कोणाच्या अंगावर पाय देत नाही. तो नुसता चुकतो.

गोव्याचे माझे एक स्नेही आहेत. त्यांना हा माझा सभ्यपणाचा मुद्दा मुळीच मान्य नाही. "अहो, तुम्ही क्रियापद कसले तपासता? त्याच माणसाने १५०२ साली काय केले ते त्या दगडावर आहे का?" असे त्यांनी मला विचारले. नाही. १५०२ साली गामा दुसऱ्यांदा आला, आणि मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे 'मीरी' नावाचे जहाज त्याने मलबारच्या किनाऱ्यासमोर लुटून, आत माणसे असताना जाळले. बायका आपली मुले हातांवर उचलून धरीत होत्या, ही साक्ष त्याच्याच ताफ्यातल्या तोमे लोपीश नावाच्या माणसाची आहे. मग कालिकतवर तोफा डागल्या. पकडलेल्या कोळ्यांना मारून त्यांचे हातपाय सामुतिरीला पाठवले. हेच ते कोळी, ज्यांच्या होड्यांनी चार वर्षांपूर्वी त्याच्या जहाजांना वाट दाखवली होती. आणि ज्या १६०० साली गामाचा पणतू गोव्याच्या गादीवर होता, त्याच साली कुंजाली मरक्कार चौथा याचा गोव्यात शिरच्छेद झाला.

स्नेह्यांचे म्हणणे असे, की या माणसाचे नाव असलेला प्रत्येक दगड काढून टाकावा. १९९८ साली पाचशे वर्षे झाली, तेव्हा पोर्तुगालने उत्सव केला, लिस्बनला गामाच्या नावाचा प्रचंड पूल खुला झाला. आणि केरळात व गोव्यात उत्सवाविरुद्ध निदर्शने झाली. तो राग मला परका वाटत नाही. ज्यांनी उत्सवाला विरोध केला त्यांनी योग्यच केले. उत्सव करण्यासारखे त्यात आपल्याला काही नव्हते. पण उत्सव आणि नोंद या दोन गोष्टी आहेत. के. एम. पणिक्कर यांनी १९५३ साली आशियावरच्या पाश्चात्त्य वर्चस्वाचा इतिहास लिहिला आणि १४९८ ते १९४५ या कालखंडाला 'वास्को द गामा युग' असे नाव दिले. पणिक्कर केरळचे. त्यांनी ते नाव गौरवासाठी दिले नव्हते. दुखणे ज्या दिवशी सुरू झाले त्या दिवसाची नोंद ठेवावी, तशी ती नोंद होती. काप्पाडचा खांबही मी तसाच वाचू इच्छितो. फक्त नोंद ठेवायची, तर ती बरोबर ठेवली पाहिजे.

आणि बरोबर ठेवायची तर गामाच्या पदरात जे पडते तेही टाकता येणार नाही. तो मोठा दर्यावर्दी होता. आफ्रिकेचा किनारा धरून न जाता त्याने दक्षिण अटलांटिकमध्ये खोल, पश्चिमेकडे वळसा घेतला. ऑगस्ट १४९७ च्या आरंभापासून नोव्हेंबरपर्यंत, तीन महिने त्या माणसांना जमीन दिसली नाही. इतका लांब उघड्या समुद्रावरचा पल्ला त्याच्या आधी कोणा युरोपीयाने मारल्याची नोंद नाही. वारा ओळखून केलेले ते धाडस होते. पण अरबी समुद्रातला वारा त्याचा नव्हता. येताना मालिंदीच्या वाटाड्याने तेवीस दिवसांत आणले. तो वाटाड्या म्हणजे प्रसिद्ध अरब नौकाशास्त्रज्ञ अहमद इब्न माजिद, ही लोकप्रिय गोष्ट आता अभ्यासक मानीत नाहीत. पोर्तुगीज बखरकार त्याला गुजरातचा मुसलमान म्हणतात, आणि कच्छी लोक कानजी मालम हे नाव सांगतात. मालम म्हणजे जहाजाची दिशा जाणणारा. परतताना गामा तसा जाणकार वाटाड्या नसताना, मोसम न पाहता निघाला. तोच समुद्र ओलांडायला त्याला जवळजवळ तीन महिने लागले, तीस माणसे हिरड्या सुजून मेली, आणि एकेका जहाजावर काम करू शकणारी सात-आठ माणसे उरली. 'साओ राफाएल' हे जहाज तर चालवायला हात नाहीत म्हणून वाटेत जाळून टाकावे लागले. तेवीस दिवस आणि तीन महिने, या दोन आकड्यांच्या मध्ये त्या अनाम मालमाची किंमत लिहिलेली आहे. रोजनिशीकार ती हिशेबनिसासारखी लिहून जातो. दर्यावर्दीच्या स्मारकावर दर्याचे काही असावे, तर ते हे असते.

म्हणून मी स्नेह्यांना लिहिले, की खांब काढू नये, पाटी बदलावी. त्यांनी उलट टपाली विचारले, मग तुमच्या पाटीवर काय असेल? मी एक मसुदा करून पाठवला आहे: "२८ मे १४९८ रोजी पंतलायनीहून कालिकतला पालखीतून जाताना वास्को द गामा या गावी थांबला. त्याच्या माणसांनी भात, तूप आणि मासे खाल्ले. तो जेवला नाही. येथून ते नावेने पुढे गेले. चार वर्षांनी तो तोफा घेऊन परत आला." शिलालेखाला हे लांब आहे, हे मला कळते. स्नेह्यांना शेवटचे वाक्य तेवढे आवडले. बाकीचे काढून टाका म्हणतात. मला शेवटचे काढले तर चालेल, पण जेवला नाही हे हवे.

का जेवला नाही, हे रोजनिशीकार सांगत नाही. भीती असेल, विटाळाची कल्पना असेल, नुसती मळमळ असेल. दहा महिने समुद्रावर काढलेल्या माणसासमोर गरम भात आला आणि त्याने तो बाजूला सारला. पुढे चारच दिवसांत पंतलायनीला परतल्यावर त्याला किनाऱ्यावर अडकवून ठेवले, नावा मिळेनात, दाराशी पहारा बसला. तेव्हाचा त्याचा संशय समजण्यासारखा आहे. काप्पाडला मात्र अजून कोणी काही केले नव्हते. मी परतताना हमरस्त्यावरच्या एका खाणावळीत बसलो. जाड्या तांदळाचा भात आला, बरोबर माशाची आमटी. रिक्षावाल्याला मी बरोबर बसवले होते. खांबावर जे लिहिले आहे ते खोटे आहे, असे मी त्याला माझ्या मोडक्या हिंदीत सांगितले. तो म्हणाला, "मालूम है साब, इधर सबको मालूम है," आणि आणखी थोडा भात मागवला.